खुले पत्र : जीर्णोद्धाराच्या आधी शिडी लावा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. अध्यक्ष व सदस्य, मुंबई वारसा जतन समिती

प्रत : शहरातील जुन्या चर्चचे विश्वस्त व पॅरिश (चर्चच्या स्थानिक भाविक-समुदायाच्या) समित्या

विषय : मुंबईतील जुन्या चर्चच्या जतनाचा वार्षिक आराखडा, आणि त्यात पालिकेने उचलायचा वाटा

महोदय,

जुन्या चर्चचे काम निघते तेव्हा मोठे निघते. निधी गोळा होतो, परांची उभी राहते, वर्ष-दोन वर्षांनी ती उतरते, फीत कापली जाते. त्यानंतर पुढची पंचवीस-तीस वर्षे छतावर कोणी चढत नाही. पुन्हा परांची उभी राहते तोवर तीच कैची (छत पेलणारी लाकडी तिकोनी चौकट) त्याच टोकाला कुजलेली असते.

आमचे म्हणणे असे की या इमारती म्हातारपणाने खचत नाहीत. त्या तुंबलेल्या पन्हळीने, चुकीच्या जागी लावलेल्या सिमेंटने आणि दरवेळी थोड्या उंच होत गेलेल्या रस्त्याने खचतात. पहिल्या दोन गोष्टी विश्वस्तांच्या हातात आहेत, तिसरी पूर्णपणे आपल्या. तिन्ही रोखायला जीर्णोद्धाराच्या मानाने फार थोडा पैसा लागतो, पण तो दरवर्षी लागतो.

वारसा नियमावली १९९५ साली आली आणि अशी नियमावली करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर ठरले. आज ती विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या विनियम ५२ मध्ये आहे. श्रेणी १, २ अ, २ ब, ३ ही विभागणी चांगली आहे, कशाला परवानगी लागते हेही स्पष्ट आहे. पण ही सारी यंत्रणा हलते ती मालकाने काही बदल करायचा अर्ज दिला की. पन्हळ साफ न करण्यासाठी कोणाचीच परवानगी लागत नाही. दुर्लक्षाची फाइल उघडतच नाही, आणि या वास्तूंचे खरे नुकसान तिथेच होते.

छत आणि पन्हळ

चारशे चौरस मीटरचे छत घ्या. मुंबईत तासाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही अजब गोष्ट नाही. तेवढ्या पावसात या छतावरून तासाभरात ४०,००० लिटर पाणी खाली येते. त्यासाठी पन्हळीचे पाणी खाली नेणारे, १०० मिलिमीटर व्यासाचे किमान ५ नळ मोकळे हवेत. एक नळ पानांनी आणि कबुतरांच्या घरट्याने बुजला की त्याच्या वाट्याचे आठ हजार लिटर पन्हळीच्या काठावरून भिंतीच्या माथ्यात उतरतात. त्याच जागी कैचीचे टोक भिंतीवर टेकलेले असते. सागवान पाण्याला बराच काळ दाद देत नाही, पण चहूबाजूंनी चुन्यात चिणलेले आणि कधीच न वाळणारे टोक शेवटी आतून भुसभुशीत होते. खालून पाहणाऱ्याला रंगवलेले लाकूड ठणठणीत दिसते.

तपासणी सोपी आहे. टोच्या घेऊन प्रत्येक कैचीच्या दोन्ही टोकांना टोचून पाहायचे आणि ओलावामापक लावायचा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल तर कूज लागली आहे किंवा लागणार आहे. तेवढ्यासाठी पूर्ण कैची बदलायची गरज नसते. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तिथे जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा, बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे वापरावेत आणि टोकाभोवती १५–२० मिलिमीटर हवेची फट सोडावी. फट बुजवू नका असे गवंड्याला लेखी सांगावे लागते, कारण फट दिसली की भरायची ही त्याची सवय आहे.

दुसरी नेहमीची गळती बाजूच्या उतरत्या छताची. ते मधल्या उंच भिंतीला जिथे भिडते तिथे मुळात शिशाचा पत्रा भिंतीच्या दर्जेत (दोन दगडांमधल्या सांध्यात) खोचलेला असायचा. तो चोरीला जातो किंवा फाटतो, आणि त्याच्या जागी सिमेंटची गोलाई मारली जाते. छत उन्हाने हलते, भिंत हलत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात गोलाईला केसाएवढी भेग पडते. मग दरवर्षी वर डांबराचा एक थर चढतो. डांबर काढून पुन्हा पत्रा बसवणे एवढाच यावर उपाय आहे.

कौलांच्या जागी रंगीत पत्रे टाकायची लाट आली आहे. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. उतार धरून ४८० चौरस मीटरच्या छताला सुमारे ७,२०० होतात. त्यातली पाच टक्के, म्हणजे ३६० कौले, त्याच मापाची आणि त्याच साच्याची, आवारात रचून ठेवली तर पत्र्याची वेळ येत नाही. कौलांच्या सांध्यांतून छत श्वास घेते. पत्र्याखाली दमट हवेचे पाणी होऊन तेच लाकडावर टपकते, आणि पावसात प्रवचन ऐकू येत नाही ते निराळेच.

छत गेल्यावर काय होते हे पाहायला लांब जावे लागत नाही. अंधेरीला सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राच्या आवारात १५७९ सालचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. भिंती उभ्या आहेत, छत नाही.

चुना, आणि चुन्याच्या जागी आलेले सिमेंट

कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) घडीव दगडाचे. फोर्टातले सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली उपासनेला खुले झाले आणि पुढे त्यात एकोणिसाव्या शतकातली भर पडली. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज मुळात १५७५ चे. मोत माउलीची आजची इमारत १९०४ ची, भायखळ्याचे ग्लोरिया १९१३ चे. कुठे काळा बेसॉल्ट, कुठे कुर्ल्याचा पिवळट दगड, कुठे मालाडचा, नक्षीसाठी पोरबंदरी चुनखडक. या सगळ्यांना एकच निविदापत्रक लावले की बिघाड सुरू होतो. (माहीमच्या सेंट मायकलची सध्याची इमारत १९७३ ची आणि दादरचे पोर्तुगीज चर्च चार्ल्स कोरियांच्या आराखड्याचे, दोन्ही विसाव्या शतकातल्या उत्तरार्धातली. पुढचे चुन्याचे नियम त्यांना लावू नयेत.)

दगडी भिंतीत पाणी शिरणारच. चुन्याच्या भिंतीत ते दर्जेतून बाहेर पडते आणि वाळते. दरज दगडापेक्षा मऊ असते, म्हणून झीज तिची होते, आणि ती दर काही दशकांनी नव्याने भरता येते. सिमेंटची दरज कडक आणि जवळजवळ बंद असते. पाण्याला मग दगडातूनच बाहेर यावे लागते. बरोबर येणारे क्षार दगडाच्या कातडीखाली स्फटिक होऊन फुगतात आणि पापुद्रे सुटतात. सिमेंटमध्ये स्वतःचे क्षार असतात ते वेगळेच. म्हणून पोरबंदरी दगडाच्या कित्येक खिडक्यांत आज सिमेंटची जाळी ताठ दिसते आणि मधला दगड बोटभर आत गेलेला. उभारलेली, पट्टीसारखी दरज तर सर्वांत वाईट, कारण तिच्या प्रत्येक काठावर पाणी थांबते.

दरज भरायची पद्धत लिहून द्यावी लागेल ती अशी. जुने भरण हाताच्या छिन्नीने काढावे, ग्राइंडरने नव्हे, कारण ग्राइंडर दगडाची कड कापतो आणि ती कड परत येत नाही. खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिलिमीटर. धूळ झटकून दरज ओली करावी. एक भाग चुन्याच्या निवळीखालचा मुरलेला लगदा, तीन भाग वाळू. जिथे ओल सतत असते तिथे एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग वाळू. कळीचा चुना विझवून, चाळून, पाण्याखाली किमान एक महिना मुरवावा. तीन महिने मिळाले तर उत्तम. न विझलेला खडा राहिला तर तो भिंतीत विझतो आणि गिलाव्यावर फोड येतात. वाळू खाडीची नको, मिठाने सगळे काम वाया जाते. भरलेली दरज दगडाच्या किंचित आत ठेवावी आणि सात ते दहा दिवस ओल्या गोणपाटाने झाकावी.

गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी यांच्या काढ्याबद्दल बरेच बोलले जाते. जुन्या कामात ते घालत, त्यातल्या काहींचा उपयोगही होतो. पण चुना कच्चा असेल आणि गोणपाट वाळलेले असेल तर हिरडा काही करू शकत नाही. ठेकेदार काढ्याची कढई छायाचित्रासाठी पुढे आणतो तेव्हा आधी चुन्याचा हौद दाखवायला सांगावे.

चुन्याचे काम ऑक्टोबर ते एप्रिल. पावसाच्या तोंडावर केलेला चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन घट्ट व्हायच्या आतच धुऊन जातो. आपल्याकडची परवानगी जानेवारीत अर्ज केल्यावर मे महिन्यात मिळाली तर काम मे महिन्यातच होते, आणि मे महिन्यात फक्त सिमेंट टिकते. परवानगीच्या तारखेचा आणि साहित्याच्या निवडीचा संबंध इतका सरळ आहे. दर्जा, कौले, पन्हळ, शिशाचा पत्रा अशा मूळ साहित्यातल्याच दुरुस्त्यांसाठी समितीने एक प्रमाणित पद्धतपत्रक मंजूर करून ठेवावे. त्याप्रमाणे काम करणाऱ्याने फक्त सूचना द्यावी.

जिथे सिमेंट दगडाला इतके घट्ट धरून बसले आहे की काढताना दगडच निघेल, तिथे ते राहू द्यावे. सगळे सिमेंट उपटण्याचा उत्साहही आम्ही पाहिला आहे. गिलावा उपटून दगड ‘उघडा’ करण्याची हौस त्याच जातीची. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, आणि मऊ जांभा तेव्हापासून पाऊस खातो आहे.

जोते आणि रस्ता

आता आपल्या वाट्याचे. चर्चच्या आतली फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर उंच हवी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ती बहुतेक ठिकाणी बरीच जास्त उंच होती. डांबराचे थर एकावर एक चढत गेले, आता काँक्रीटचे रस्ते आले. खरवडून मूळ पातळीवर काँक्रीट टाकले तर हरकत नाही. तसे न करता रस्ता वर आला की आवारातले पाणी बाहेर जायच्या ऐवजी बाहेरचे आत येते. मग पॅरिश आवार भरून घेते, पेव्हर ब्लॉक भिंतीला टेकवते आणि जोत्यातले हवेचे झरोके बुजतात. जमिनीची ओल भिंतीतून वर चढते, कमरेएवढ्या उंचीवर लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटतो, गिलावा पडतो. मग कोणीतरी आतून ग्रॅनाइट लावायचा सल्ला देतो. ग्रॅनाइटमागे ओल अडते आणि आणखी वर जाते. फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल बसवली तरी तेच होते, कारण फरशीतून उडणारी वाफ आता फक्त भिंतीतून उडू शकते.

वारसा यादीतल्या प्रत्येक चर्चच्या दर्शनी रस्त्याचा छेद काढताना चर्चच्या उंबऱ्याची पातळी त्यावर नोंदवणे आपल्या रस्ते विभागाला बंधनकारक करावे. रस्त्याचा माथा आजच्यापेक्षा एक मिलिमीटरही वर जाऊ नये. भिंतीलगत एक मीटर रुंदीची खडीची पट्टी, बाहेरच्या बाजूला ५० ला १ उतार, आणि तिचे पाणी थेट पर्जन्यजल वाहिनीत. या जोडणीला पालिकेने शुल्क घेऊ नये.

शेजारच्या बांधकामाचा प्रश्नही इथलाच. तीन-चार तळघरे खोदताना भूजल उपसले जाते. भराव घातलेल्या जमिनीत पाण्याची पातळी उतरली की माती दबते, आणि उथळ पायाची दगडी भिंत एका बाजूला खाली जाते. परवानगी देतानाच शेजारच्या चर्चची आधीची भेग-नोंद, भूजल मोजणारी नळी आणि कंपनमापक या तीन अटी घालाव्यात. अशा नाजूक इमारतींसाठी जर्मन मानक डीआयएन ४१५०–३ पायाशी, कमी वारंवारतेला, सेकंदाला ३ मिलिमीटरची मर्यादा सुचवते. ती ओलांडली की पाइलिंग (पायाचे खांब जमिनीत ठोकणे) थांबले पाहिजे. अहवाल महिन्याने आला तर त्याचा उपयोग नाही.

तपासणीचा नमुना चुकीचा आहे

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण होते. हे योग्यच. पण व्यवहारात त्याचा नमुना काँक्रीटच्या इमारतीचा आहे: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल या काँक्रीट आणि सळईच्या चाचण्या. दगड-चुन्याच्या भिंतीवर हॅमर मारला तर त्या एका दगडाचा पृष्ठभाग कळतो, भिंतीबद्दल काहीच कळत नाही. हाफ-सेल सळईचा गंज सांगतो, इथे सळई नसते. अशा आकड्यांवरून इमारतीला ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरवले जाऊ शकते, आणि उलट, खरोखर फुगत चाललेली भिंत निर्दोषही ठरू शकते.

जुन्या जाड भिंती बहुधा दोन पदरी असतात. बाहेर-आत रचलेला दगड, मध्ये डबर आणि चुना. वरून पाणी शिरत राहिले की मधला चुना धुऊन जातो, पदर वेगळे होतात, बाहेरचा फुगतो. हे ओळखायचे तर भिंतीचा ओळंबा मोजावा, ठोकून पोकळ आवाजाचा नकाशा काढावा, शंका असेल तिथे दर्जेतून एन्डोस्कोप (टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी) घालावा. भेगांवर मापपट्ट्या लावून निदान एक वर्ष, म्हणजे एक पावसाळा धरून, दर महिन्याला वाचन घ्यावे. पावसात उघडणारी आणि हिवाळ्यात मिटणारी भेग वेगळी, आणि दर महिन्याला वाढत जाणारी वेगळी. पोकळी भरायला सिमेंटचे पातळ दूध दाबाने सोडणे हा प्रचलित उपाय धोक्याचा आहे, दाबाने बाहेरचा पदर आणखी सुटतो. हायड्रॉलिक (पाण्यातही घट्ट होणाऱ्या) चुन्याचे ग्राउट म्हणजे पातळ भरण, एक बारपेक्षा कमी दाबाने, तळाकडून वर, साधारण अर्ध्या मीटरवर नळ्या ठेवून भरावे, आणि त्याआधी पदर बांधणारे आरपार दगड किंवा स्टेनलेस स्टीलचे गज घालावेत.

दगडी इमारतींसाठी परीक्षणाचा वेगळा नमुना काढणे हे आपल्या अधिकारात आहे. पैसे लागत नाहीत, परिपत्रक लागते.

निविदा

गिलाव्याचे देयक चौरस मीटरवर मोजले जाते. म्हणजे जितका गिलावा तोडाल तितका नवा करता येईल. सल्लागाराचे शुल्क कामाच्या रकमेच्या टक्केवारीत, म्हणजे काम वाढले तर शुल्क वाढते. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची गरज नाही, पैशाचा उतारच त्या दिशेला आहे. त्यामुळे तोडण्याआधी भिंत ठोकून पोकळ भाग खडूने आखावा, विश्वस्त, ठेकेदार आणि सल्लागार या तिन्ही पक्षांनी त्या छायाचित्रावर सही करावी आणि तेवढ्याचेच माप धरावे. सल्लागाराला ठरावीक रक्कम द्यावी. एक मीटर बाय एक मीटरचा नमुना भिंतीवर करून महिनाभर ठेवावा, तो मान्य झाला तरच पुढे जावे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची असेल तर आधी पात्रतेत चुन्याचे पूर्ण झालेले काम आणि स्वतःचे पाथरवट मागावेत. दगड घडवणारे हात शहरात कमी होत आहेत, आणि दोन कामांच्या मध्ये तीस वर्षांचे अंतर ठेवून ते टिकणार नाहीत.

विश्वस्तांसाठी थोडे

सणाच्या आधी रंग देण्याची रीत आहे. मोत माउलीची जत्रा सप्टेंबरात, म्हणजे ओल्या भिंतीवर ऑगस्टमध्ये रंग. प्लॅस्टिक रंग त्या ओलीला आत कोंडतो आणि डिसेंबरपर्यंत सोलतो. चुन्याची सफेदी स्वस्त आहे, दरवर्षी देता येते. नाताळच्या चांदण्यांसाठी दगडात ड्रिल मारू नये, दर्जेत मारावे, ती पुन्हा भरता येते. रंगीत काचांच्या बाहेर संरक्षणाला बसवलेला पॉलिकार्बोनेट वरून-खालून बंद असेल तर मधली हवा तापते आणि काचा धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वाकतात. वर आणि खाली फट ठेवावी. भिंतीतला पिंपळ ओढून काढू नये, मुळांबरोबर दगड येतो. खोड कापून ताज्या कापावर परवानाधारकाकडून तणनाशक लावून घ्यावे आणि मूळ मेल्यावर पोकळी चुन्याने भरावी.

छताच्या पोकळीतली जुनी वायरिंग आधी बदला, ध्वनियंत्रणा नंतर घ्या. छताच्या कामात गॅसची मशाल वापरून डांबरी चादर चिकटवू देऊ नये. दुसरा इलाज नसेल तर काम संपल्यावर किमान एक तास माणूस पाण्यासह तिथेच बसवावा. पॅरिसच्या नोत्र दामचे छत १५ एप्रिल २०१९ ला जळाले ते दुरुस्तीची परांची उभी असतानाच. मनोऱ्यावरच्या वीजवाहकाचा भूरोध (जमिनीत वीज उतरण्याला होणारा अडथळा) दरवर्षी मोजावा, खाऱ्या हवेत सांधे गंजतात. दहा ओहमच्या आत हवा.

आमची मागणी

प्रत्येक यादीतल्या चर्चची एक वही असावी. छताचा नकाशा, पन्हळी व नळांचे क्रमांक, कैच्यांचे क्रमांक, भेगांच्या पट्ट्यांची वाचने, वापरलेल्या चुना-वाळूचे प्रमाण. वर्षातून दोनदा शिडी लागावी: मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात. एखाद्या मुसळधार दिवशी छत्री घेऊन आवारात तासभर उभे राहून पाणी कुठून उडते ते वहीत टिपावे. त्या एका तासात जे कळते ते कोरड्या दिवसांतल्या दहा भेटींत कळत नाही. दोन माणसे, दोन-तीन दिवस, एवढेच हे काम आहे. पॅरिशने त्यासाठी वेगळे खाते ठेवावे, आणि वही अद्ययावत असणाऱ्या वास्तूला पालिकेने मालमत्तेशी निगडित शुल्कांत सवलत द्यावी. नियमावलीत वारसा वास्तूंसाठी विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, तरतूद आहे. त्यातून पैसा उभा राहिला तर त्याचा एक हिस्सा याच खात्यात गोठवावा, एकदाच्या रंगरंगोटीत तो संपू देऊ नये.

वारसा समितीने दर ऑक्टोबरात या वह्यांपैकी काही निवडून प्रत्यक्ष जाऊन तपासाव्यात. आणि या हंगामात ज्या चर्चसमोर काँक्रीटीकरण चालू आहे किंवा मंजूर आहे, तिथल्या उंबऱ्याची आणि रस्त्याची पातळी काम पुढे जाण्याआधी मोजून, ती नोंद कनिष्ठ अभियंत्याच्या सहीने संबंधित पॅरिशला द्यावी.

आपले,
जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती करणारे काही वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते, पाथरवट आणि गवंडी
मुंबई